रानडुकराची परवानगी हातात आहे, पण मारायचं कशानं? शिकारीचे नियम नक्की कोण बनवतं?

जागल_वर्धा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. हिंगणघाटच्या पुढं माझी सहा एकर शेती आहे. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे आणि दीड एकरात चना. रात्री नऊला डबा घेऊन मचाणावर जातो ते पहाटे पाचला उतरतो, एक दिवस मी एक दिवस धाकटा भाऊ, डिसेंबरपासून हेच चालू आहे. रोही (नीलगाय) कळपानं येते आणि चन्याचे शेंडे खुडून खाते, आणि डुक्कर आलं तर खाते कमी, उकरून लोळून नास जास्त करते. डबे वाजवले, फटाके फोडले, जुन्या साड्या बांधल्या, झटका मशीन घेतली, चार रात्री घाबरले मग त्यांना सवय झाली.

आता मुद्दा. २०१५ ला आपल्या सरकारनं जीआर काढला की रोही आणि रानडुक्कर पिकाचं नुकसान करत असतील तर वनखात्याची परवानगी घेऊन मारता येते. मी अर्ज केला, सातबारा लावला, फोटो लावले, तीन चकरा मारल्या आणि परवानगी मिळाली पण. गट नंबर लिहिलेला, मुदत लिहिलेली. पण माझ्याकडे बंदूक नाही. गावात एकच बंदूक आहे, तिच्या मालकाला रात्रीचं दिसत नाही आणि तो म्हणते माझ्या गोळीनं उद्या काही उलटसुलट झालं तर कोर्टात मी उभा राहू का. मुदत संपली, कागद फाईलीत आहे, डुक्कर शेतात आहे.

मला कोणावर राग काढायचा नाही. मला समजून घ्यायचं आहे की हा नियम करणारे कोण असतात, दिल्लीवाले का मुंबईवाले का नागपूरवाले, आणि तो करताना माझ्यासारख्याला कोणी विचारते का. ज्याला खरं माहीत आहे त्यानं लिहा.

काळाकोट_नागपूर:

जागलभाऊ, तुमचे दोन प्रश्न आहेत, आधी पहिला घेतो, कोण बनवतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संसदेचा. त्याआधी आपल्याकडे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा होता, तेव्हा लायसन काढून शिकार चालायची, आणि ७२ नंतरही काही वर्षं लायसनची पद्धत होतीच. १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. त्यामुळे आपल्याकडे आता शिकारीचा सीझन, कोटा वगैरे काही नाही. कलम ९ सांगतं शिकार बंद, आणि जे काही करता येतं ते अपवाद म्हणून, कलम ११, १२ आणि ६२ मध्ये. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे हं, पकडणं, फासे लावणं, विष घालणं, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं, सगळं शिकारच.

कोणतं जनावर कुठल्या परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या कुठल्या यादीत, हे केंद्र ठरवतं. २०२२ च्या दुरुस्तीनं सहाची चार परिशिष्टं झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहेत. वाघ, बिबट्या, मोर, घोरपड, खवल्या मांजर पहिल्यात. रोही आणि रानडुक्कर आधी तिसऱ्यात होते ते आता दुसऱ्यात आले. पहिल्या परिशिष्टातलं जनावर मारायचं असेल तर ते माणसाच्या जिवाला धोका झालेलं हवं नाहीतर बरं न होणारं आजारी किंवा जायबंदी हवं, आणि तो आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, लेखी कारण देऊन. आपल्याकडे ते साहेब नागपूरला बसतात. दुसऱ्या परिशिष्टातल्या जनावराला मात्र 'उभ्या पिकासह मालमत्तेला धोका' एवढं कारण पुरतं आणि तो अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देता येतो. तुमचा २०१५ चा जीआर याच फटीतून आला आहे. म्हणजे बंदी संसदेची, परिशिष्ट केंद्राचं, अपवाद वापरायची रीत राज्याची आणि सही तुमच्या भागातल्या वन अधिकाऱ्याची.

तुम्हाला कोणी विचारतं का? राज्य वन्यजीव मंडळ असतं, मुख्यमंत्री अध्यक्ष असतात, परिशिष्टात बदल हवा असेल तर राज्याला सल्ला देणं हे त्याच्या कामात कायद्यानंच लिहिलंय. पण शेतकरी म्हणून तिथं खुर्ची राखून ठेवलेली नाही.

दापोलीकर:

बंदुकीबद्दल लिहितो कारण तो आमच्याकडचा रोजचा विषय आहे. कोकणात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन मिळतं, शस्त्र कायद्यात तशी स्पष्ट तरतूदच आहे. माझ्या आजोबांची होती ती वडिलांच्या नावावर करायला किती वर्षं गेली ते सांगत नाही बसत. आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक पोलीस स्टेशनात जमा, मग ती ग्रामपंचायतीची असो नाहीतर लोकसभेची, आणि डुकरं काय आचारसंहिता पाळत नाहीत, नेमकं भात पोटरीत असताना बंदूक ठाण्यात. वन खातं परवानगी देणार, गृह खातं लायसन देणार, आणि दोघांची गाठ कुठे पडत नाही. जागलदादा तुमची अडचण हीच आहे, परवानगी एका खात्याची आणि हत्यार दुसऱ्या खात्याचं.

निवृत्त_वनपाल:

३४ वर्षं नोकरी केली, वनरक्षक म्हणून लागलो वनपाल म्हणून सुटलो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगतो. एका बीटगार्डकडे किती जंगल असतं ते लोकांना माहीत नसतं. हातात काठी, एक मोटरसायकल, पेट्रोलचं बिल सहा महिन्यांनी. त्याच माणसानं वणवा विझवायचा, रोपवन बघायचं, पंचनामे करायचे, कॅमेरा लावायचे आणि रात्री गस्त पण घालायची.

गुन्हा सापडला की पहिला कागद पीओआर, म्हणजे प्राथमिक वनगुन्हा रिपोर्ट, तो बीटगार्डच फाडतो. मग जप्ती, पंचनामा, नमुने लॅबला, आणि सहायक वनसंरक्षकासमोर (एसीएफ) जबाब. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण एसीएफसमोर आरोपीच्या हजेरीत नोंदवलेला जबाब पुराव्यात घेता येतो, हे या कायद्याचं मोठं बळ आहे. मेळघाटात सायबर सेल झाल्यापासून मोबाईलच्या लोकेशनवरून वाघ मारणाऱ्या टोळ्या धरल्या गेल्या. पण गावातली केस असली की पंच फुटतात, शेजारी शेजाऱ्याविरुद्ध बोलत नाही, आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत गार्डची बदली झालेली असते, मग तारखेला तो दुसऱ्या जिल्ह्यातून रजा टाकून येतो.

जागल, तुला मिळालेल्या परवानगीवर डुक्कर मारलं असतंस तरी ते तुझं नाही झालं. कलम ३९, मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता. आम्हाला कळवायचं, आम्ही येऊन पंचनामा करणार, पुरणार किंवा जाळणार. मटण वाटलंस की तू आरोपी. ही अट कडक वाटते पण ती काढली तर काय होईल ते मी डोळ्यांनी बघितलंय, पिकाच्या नावाखाली मटणाचा धंदा सुरू होतो आणि ज्याच्या शेतात नुकसानच नाही तो पहिला अर्ज आणून देतो.

तितर_अकोला:

मी फासेपारधी समाजातला, शिकलो, आता शाळेवर आहे. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझा आजा फासे लावायचा, तितर, लावा, ससा, तेवढंच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यात जमातीलाच गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो शिक्का निघाला आणि वीस वर्षांनी ७२ चा कायदा आला, पोटाचा धंदाच गुन्हा झाला. आमच्या बेड्यावर (वस्तीवर) कोणी येऊन सांगितलं नाही की आजपासून हे बंद, याच्या बदल्यात हे घ्या. झडती आली तेव्हा कळलं. आजही तालुक्यात कुठं कातडं सापडलं की पहिली गाडी आमच्याकडे येते.

मी कायद्याच्या विरोधात नाही. आमच्याच भागात, अकोला-वाशीमकडे, तणमोर राखायचं काम फासेपारध्यांची पोरं करतात, कारण गवतात तो पक्षी कुठं बसला ते आमच्याइतकं कोणाला दिसत नाही. म्हणून म्हणतो, नियम बनवताना ज्यांना रान कळते त्यांना बोलवा. तुमच्या शेतातलं डुक्कर कोणत्या वाटेनं येते, कोणत्या नाल्यात बसते ते गावातला एखादा म्हातारा पारधी दहा मिनिटांत सांगेल, पण त्याच्या हातात वाघूर (शिकारीचं जाळं) दिसली की तो आत.

मीरा_पुणे:

मला विरोधातलं मत मांडायचं आहे, कृपया शहरातली म्हणून उडवून लावू नका. रानडुक्कर आणि रोही हे वाघाचं खाणं पण आहे ना? आणि किती डुकरं आहेत हे कोणी मोजलंय का? आकडा नसताना मारायची परवानगी म्हणजे अंदाजावर काम. बिहारला केंद्रानं रोही आणि रानडुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर करून दिले होते, २०१६ च्या जूनमध्ये मोकामाला बाहेरचे शूटर आणून दोनशेवर रोही मारले, पर्यावरण मंत्री जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात त्यावरून जाहीर वाद झाला. आता तिथला शेतकरी सुखी आहे का, कोणी बघितलं? मारणं सोपं, नंतर बघणं कोणी करत नाही.

काळाकोट_नागपूर:

मीराताई, तो कलम ६२ चा रस्ता. त्यात केंद्र एखाद्या भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी जनावर उपद्रवी जाहीर करतं आणि तेवढ्या काळात तिथं संरक्षणच उठतं, कोणाची परवानगी लागत नाही. बिहारनंतर उत्तराखंडला रानडुकरासाठी आणि हिमाचलला माकडासाठी मिळालं. मला स्वतःला हा रस्ता पसंत नाही, त्यात कोणी मारलं किती मारलं याची नोंद राहत नाही. गोव्यात २०१६ ला मोरालाही उपद्रवी म्हणायची चर्चा झाली होती, पण मोर पहिल्या परिशिष्टात आहे आणि ६२ मध्ये पहिलं परिशिष्ट बसतच नाही, म्हणजे बोलणाऱ्यांनी कायदा उघडून बघितला असता तर चर्चा तिथंच थांबली असती.

केरळचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. त्यांनी केंद्राकडे उपद्रवी ठरवायची मागणी केली, ती मान्य झाली नाही, तेव्हा २०२२ मध्ये त्यांनी कलम ११ चाच अधिकार खाली नेला. पंचायतीच्या अध्यक्षाला रानडुकरापुरतं मानद वन्यजीव रक्षक केलं, बंदुकीचं लायसन असलेल्यांची यादी केली, विष, स्फोटकं आणि करंट चालणार नाही अशी अट घातली. कायदा तोच, सही करणारा माणूस गावातला.

मिलवॉकीकर:

मी विस्कॉन्सिनमध्ये १६ वर्षं आहे, मूळचा परभणीचा. इथली पद्धत पूर्ण उलटी आहे म्हणून लिहितो, चांगली-वाईट तुम्ही ठरवा. इथं शिकार हक्कासारखी, आणि राज्याच्या परवान्यावर चालते. दर एप्रिलमध्ये प्रत्येक काउंटीत एक सभा होते, १९३४ पासूनची परंपरा आहे, कोणीही जाऊन हरणाचा सीझन किती दिवस ठेवायचा, कुठल्या तळ्यात किती मासे धरू द्यायचे यावर मत देऊ शकतो, स्वतःचा ठराव पण मांडू शकतो. ते मत सल्ल्यापुरतंच, शेवटचा शब्द राज्याच्या सात जणांच्या नॅचरल रिसोर्सेस बोर्डाचा. मी एकदा नुसता बघायला गेलो होतो, हायस्कूलच्या हॉलमध्ये डेअरीवाले, शिकारी, पक्षी बघणाऱ्या आज्या, सगळे एका रांगेत माईकसाठी उभे, हे दृश्य मी विसरू शकत नाही. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदवायचं. परवान्याचे पैसे, आणि बंदूक-काडतुसांवर १९३७ पासून जो केंद्रीय कर आहे तो, वन्यजीव खात्याकडे येतो, त्यातून वॉर्डन, गणती, जंगल.

पण हेही सांगतो. २०२१ च्या फेब्रुवारीत लांडग्यांची शिकार उघडली, परवानेवाल्यांचा कोटा ११९ होता, तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मेले. कोटा संपल्यावर बंदची सूचना पोचेपर्यंत कुत्रे घेऊन लोक रानात होते. पुढच्या वर्षी कोर्टानं लांडग्याला परत केंद्राचं संरक्षण दिलं. म्हणजे सभा, मोजणी, कोटा सगळं असूनही नियम मोडायला तीन दिवस पुरले. मीराताईंची मोजायची मागणी बरोबर आहे पण नुसत्या मोजणीनं भागत नाही, थांबवायची यंत्रणा पण तेवढीच पाहिजे.

जागल_वर्धा:

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. मीराताई, तुम्हाला उडवून लावायचा प्रश्नच नाही. मी हा धागा काहून काढला ते आधी लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ गेला. वावरात मोटर चालू करायला पहाटे निघाला होता, लोडशेडिंगमुळे आमच्याकडे लाईन रात्रीच येते. शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी डुकरासाठी तार लावून तिच्यात पोलवरून करंट सोडला होता. गवतात तार दिसत नाही. आम्ही शोधत गेलो तेव्हा बॅटरी हातात तशीच चालू होती. ज्यानं तार लावली तो काही खुनी माणूस नव्हे, माझ्यासारखाच, त्याची तूर दोन वर्षं डुकरानं नेली होती. आता तो कोर्टाच्या तारखा करते आणि माझी मावशी त्याच्या घरासमोरून पाणी भरायला जाते.

त्या माणसानं परवानगीचा अर्ज केला नव्हता. मी नंतर विचारलं होतं त्याला. म्हणे अर्ज करून कोणाचं डुक्कर मेलं रे. आता मी अर्ज करून पाहिला, आणि माझ्याकडे पण उत्तर नाही.

मीरा_पुणे:

दादा, वाचून काय लिहावं कळत नाहीये. वाघांसाठी म्हणून मी हे वाचत आले होते, तिथेही तीच तार आहे. उमरेड-कऱ्हांडलाच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास, २०१७ ला नागभीडकडे शेताच्या करंटच्या तारेवरच मेला. माणूस, वाघ आणि डुक्कर, तार कोणाला ओळखत नाही. माझं मोजणीचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण सरळ रस्ता चालत नसला की लोक तारेकडे जातात, हे मी आजवर असं जोडून बघितलं नव्हतं.

निवृत्त_वनपाल:

करंटच्या केसेस मी तीन केल्यात. सगळ्यात वाईट भाग म्हणजे जनावर मेलं की घाबरून रातोरात पुरतात, आणि मग साधी केस उरत नाही. पहिल्या परिशिष्टातलं जनावर असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, दंड २५ हजाराच्या खाली नाही. माणूस मेला तर सदोष मनुष्यवध, वर वीजचोरी. गोव्यात २०२० च्या जानेवारीत म्हादईत वाघीण आणि तीन बछडे विषानं मेले, गुरं मारली म्हणून. तिथंही भरपाई वेळेत हातात पडली असती तर, असं मला आजही वाटतं.

आणि वाघाला मारायचा वरचा आदेश पण सोपा नसतो. पांढरकवड्याच्या टी-वन वाघिणीच्या वेळी तेरा माणसं गेल्याचं सांगितलं जात होतं, आदेश हायकोर्टात गेला, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप केला नाही, २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली आणि नंतर बेशुद्ध का केली नाही यावर चौकशी समित्या बसल्या. तिथं प्रत्येक कागद तपासला गेला, आणि तसंच व्हायला पाहिजे. पण डुकराच्या परवानगीचा कागद कोणीच तपासत नाही. दिली का, वापरली का, फुकट गेली का, याचा हिशोब माझ्या काळात कोणी मागितला नाही.

काळाकोट_नागपूर:

मग तो हिशोब आपणच मागू. जागलभाऊ, दोन गोष्टी करा. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे, त्यात ठराव घ्या की केरळच्या धर्तीवर रानडुकरापुरता अधिकार पंचायत पातळीवर द्यावा आणि तालुक्याला लायसनधारक बंदूकवाल्यांची यादी वनखात्यानं पोलिसांसोबत बसून करावी, गोळी चालवणाऱ्याला अधिकृत म्हणून लेखी संरक्षण द्यावं. ठरावानं कायदा बदलत नाही, पण आमदाराच्या आणि मंडळाच्या टेबलावर ठेवायला कागद लागतो. दुसरं, उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकार टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुदा मी लिहून देतो.

तितर_अकोला:

ठरावात एक ओळ आमची पण टाका. जनावरांच्या वाटा आणि बसायच्या जागा दाखवायला गावातल्या पारधी, गोंड, कोलाम माणसांना मजुरी देऊन घ्या, आणि ते काम करताना त्यांच्यावर केस होणार नाही असं लेखी द्या. मी ओळखीच्या दोन जणांशी बोलतो, ते तुमच्या भागात यायला तयार होतील.

जागल_वर्धा:

ठरावाचं सरपंचांशी बोललो, विषयपत्रिकेवर घ्यायला तयार आहेत. तितरभाऊ, तुमची ओळ टाकली, आणि माणसं आली तर जेवण-मुक्काम माझ्याकडे. माहिती अधिकारात असं लिहिलं आहे: मागच्या पाच वर्षांत या वनविभागात रोही व रानडुकरासाठी शिकार परवानगीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले. वकीलसाहेब, बरोबर आहे का?

निवृत्त_वनपाल:

एवढ्यावर थांबू नको रे. मंजुरीचा आकडा चांगलाच दिसेल आणि तुझा अर्ज पण त्याच चांगल्या आकड्यात मोजला जाईल. पुढं विचार, मंजूर झालेल्यांपैकी किती परवानग्यांवर प्रत्यक्ष जनावर मारल्याचा पंचनामा झाला, परिक्षेत्रनिहाय. आणि त्याच पाच वर्षांत करंटच्या तारेनं किती वन्यप्राणी मेल्याची नोंद आहे. दोन्ही आकडे एकाच अर्जात माग, म्हणजे एकाच कागदावर शेजारी शेजारी येतील.

जागल_वर्धा:

बदल केला काका, दोन्ही घातले. उद्या मावशीचा मुलगा धाकटा सोबत येतो आहे, तो म्हणे अर्जावर माझी पण सही घ्या. पोच मिळाली की नंबर इथं टाकतो. आज माझी पाळी आहे, निघतो वावरात.